बालहृदयाचे वैद्य

वॉर्सा हे पोलंड देशाच्या राजधानीचे शहर. तेथील एका संस्थेत भावी शिक्षकांना शिक्षण देण्यात येत असे. एके दिवशी त्या संस्थेतील विद्यार्थ्यांसाठी एक व्याख्यान ठरले होते. विषय होता बालकाचे हृदय. परंतु वक्त्याने त्यांना नेहमीच्या दालनात न बोलावता क्ष-किरणांच्या खोलीत जमावयास सांगितले. याचे सर्वांना नवल वाटले. थोड्या वेळाने दाढी राखलेले, चष्मा लावलेले एक डॉक्टर एका लहानग्याचा हात धरून आत आले. अनोळखी खोली, अनोळखी माणसे आणि ते अवजड यंत्र पाहून मूल भेदरून गेले होते. डॉक्टरांनी त्याला यंत्राच्या पडद्यामागे उभे केले. दिवे मालवण्यात आले. अंधारात पडद्यावर त्या मुलाचे इवलेसे हृदय दिसू लागले. पारध्याच्या हाती सापडलेल्या पाखरासारखे ते एकसारखे फडफडत होते.

डॉक्टर फार थोडे बोलले. पुढे शिक्षक झाल्यावर कधी तरी थकवा येईल, मुले ऐकेनाशी होतील, राग अनावर होईल आणि हात उगारावासा वाटेल. त्या क्षणी भ्यालेल्या मुलाचे हृदय कसे दिसते ते आठवावे, एवढेच त्यांनी सांगितले. दिवे पुन्हा लागले. व्याख्यान संपले होते.

हे डॉक्टर म्हणजे यानुश कोर्चाक. शरीराच्या दुखण्यावर औषध देणारे वैद्य पुष्कळ होऊन गेले. पण मुलांचे रुसणे, रडणे, भिणे आणि रागावणे यांची नाडी पाहणारा असा वैद्य विरळाच.

कोर्चाक यांचे मूळ नाव हेन्रिक गोल्डश्मित. त्यांचा जन्म वॉर्सा येथे २२ जुलै रोजी झाला. परंतु वडिलांनी जन्माची नोंद वेळेवर न केल्यामुळे ते वर्ष १८७८ की १८७९, याचा उलगडा झाला नाही. त्या काळी पोलंड स्वतंत्र नव्हता. वॉर्सावर रशियाच्या झारची सत्ता होती. हेन्रिकचे वडील नावाजलेले वकील होते. घर ज्यू धर्माचे आणि सुखवस्तू. खेळणी होती, पुस्तके होती, दाई होती. परंतु खालच्या अंगणात खेळणाऱ्या गरिबांच्या मुलांत मिसळण्याची मोकळीक मात्र नव्हती. म्हणून तो एकुलता मुलगा खिडकीतून अंगण पाही आणि तासन् तास एकटाच ठोकळ्यांशी खेळत बसे.

हेन्रिक पाच वर्षांचा असताना त्याचा लाडका कॅनरी पक्षी मरण पावला. त्या चिमण्या जिवाला त्याने अंगणातल्या एका झाडाखाली पुरावयाचे ठरवले. शेजारीपाजारी थडग्यांवर क्रूस उभारतात हे त्याने पाहिले होते. म्हणून आपल्या पाखराच्या थडग्यावरही काड्यांचा एक क्रूस लावावा, असे त्याच्या मनात आले. घरातील मोलकरणीने त्याला दटावले. पाखरासाठी क्रूस उभारणे तर पापच, पण त्याच्यासाठी रडणेही पाप, असे तिचे म्हणणे पडले. त्याहून मोठा घाव पुढेच होता. इमारतीच्या राखणदाराचा मुलगा तेथे आला आणि ते पाखरू ज्यू होते, हेन्रिकही ज्यूच आहे, तेव्हा त्याला स्वर्गाचे दार बंदच राहणार, असे सांगू लागला. एका पाखराच्या मृत्यूचे दुःख घेऊन तो मुलगा अंगणात उतरला होता. तेथून परतताना त्याच्याबरोबर आणखी एक नवे आणि न उमगणारे दुःख आले. त्या दुःखाचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगितला नाही. मोठ्या माणसांना ती गोष्ट क्षुल्लक वाटली. कोर्चाक मात्र ती जन्मभर विसरले नाहीत. आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या रोजनिशीतही त्या पाखराचा उल्लेख आहे.

हेन्रिक शाळेत असतानाच त्याच्या वडिलांना मनाचा आजार जडला. त्यांना इस्पितळात ठेवावे लागले. संपत्ती हळूहळू संपली आणि १८९६ मध्ये वडील वारले. आई आणि बहीण यांचा भार त्या तरुण मुलाच्या शिरावर आला. तो श्रीमंतांच्या मुलांच्या शिकवण्या करू लागला. वडिलांचा आजार उद्या आपल्यालाही गाठील, ही भीती त्याच्या मनात घर करून राहिली आणि पुढेही ती पुरती गेली नाही. ज्याने स्वतः भीतीबरोबर दिवस काढले, त्याला दुसऱ्याची भीती चटकन ओळखता येते. शिकवण्या करताना हेन्रिकला आपल्या विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यामागचे मन दिसू लागले.

पुढे त्याने वैद्यकाचा अभ्यास सुरू केला आणि त्याबरोबरच लेखनही चालू ठेवले. १८९८ मध्ये एका नाट्यलेखनाच्या स्पर्धेसाठी त्याने यानुश कोर्चाक हे टोपणनाव घेतले. हेच नाव पुढे जगभर गेले. १९०५ मध्ये पदवी मिळताच रशिया आणि जपान यांच्या युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून त्यांना जावे लागले. तेथून परतल्यावर ज्यू मुलांसाठी असलेल्या एका इस्पितळात त्यांनी काही वर्षे काम केले. लेखक म्हणून त्यांचे नाव झाले होते. त्यामुळे मोठमोठ्या घरची बोलावणी त्यांना येत. श्रीमंतांकडून ते पुरती फी घेत. गरिबांच्या मुलांना मात्र ते जवळजवळ विनामूल्य तपासत. परंतु त्यांच्या मनाला समाधान नव्हते. औषधाने मुलाचा ताप उतरतो आणि मूल घरी जाते. पण ते जाते कोठे, तर त्याच अंधाऱ्या गल्लीत, त्याच उपासमारीत आणि त्याच मारझोडीत. मग ते बरे झाले असे कसे म्हणावे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना.

या प्रश्नाचे उत्तर त्यांना इस्पितळात सापडले नाही. ते सापडले रानात. गरीब मुलांना उन्हाळ्यात चार आठवडे खेड्यावर नेण्याची प्रथा त्या काळी वॉर्सात होती. अशा एका शिबिरात कोर्चाक यांच्याकडे मुलांची एक तुकडी सोपवण्यात आली. मुलांवर आपले निरतिशय प्रेम आहे, तेव्हा सर्व काही सुरळीत होईल, अशी त्यांची समजूत होती. पण पहिल्या काही दिवसांतच गोंधळ उडाला. मुले ऐकेनात. रात्री दंगा होऊ लागला. अखेर या प्रेमळ डॉक्टरांना संताप आवरेना आणि त्यांनी मुलांना शिक्षेचा धाक घातला. नंतर त्यांना स्वतःची फार लाज वाटली. एके दिवशी ते मुलांना घेऊन रानातल्या मोकळ्या जागी बसले आणि काय केले असता येथले दिवस सुखाचे जातील, हे त्यांनी मुलांनाच विचारले. मुले बोलू लागली. ती इतकी समंजसपणे बोलू लागली की, डॉक्टर थक्क झाले. आजवर आपण मुलांना उद्देशून बोलत होतो, मुलांशी कधी बोललोच नव्हतो, हे त्यांच्या ध्यानात आले. ही पराभवाची कथा त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात मोकळेपणाने सांगितली आहे.

१९१२ मध्ये वॉर्सातील क्रोखमाल्ना रस्त्यावर ज्यू अनाथ मुलांसाठी एक नवे घर उघडले. कोर्चाक त्याचे संचालक झाले आणि इस्पितळ सोडून तेथेच राहू लागले. सुमारे शंभर मुलेमुली त्या घरात राहत. रोजचा सारा कारभार स्टेफानिया विल्चिन्स्का या बाई पाहत असत. त्या उच्चशिक्षित, शिस्तप्रिय आणि अतिशय कष्टाळू होत्या. कोर्चाक यांचे नाव जगाला ठाऊक झाले; पण त्या घराचा खांब म्हणजे स्टेफानियाबाईच होत्या, असे म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

या घरात आलेल्या प्रत्येक मुलाने काही ना काही गमावलेले होते. कोणाचे वडील गेले होते, कोणाची आई. आतले दुःख बोलून दाखवता येत नसले म्हणजे मूल ते निराळ्या वाटेने बाहेर काढते. कोणी दुसऱ्याला मारते, कोणी वस्तू लपवते, कोणी खोटे बोलते, कोणी अंथरुणात तोंड खुपसून रडते. अशा वेळी मूल वाईट आहे असे म्हणणे सोपे असते. कोर्चाक यांना ते पटत नसे. ताप हे जसे आतल्या आजाराचे चिन्ह, तसेच मुलाचे वागणे हे त्याच्या मनातील खळबळीचे चिन्ह आहे, असे ते मानत. रात्री सर्वत्र सामसूम झाल्यावर ते शयनगृहातून हलक्या पावलांनी फेरी घालीत. कोण गाढ झोपले आहे, कोण जागे आहे, कोण हुंदके देत आहे, हे पाहत आणि टिपून ठेवीत. सगळ्यांचे अश्रू सारखे दिसतात, पण सारखे नसतात, हे त्यांना या रात्रींनी शिकवले.

मुलांना आपले मन ओळखता यावे, म्हणून त्यांनी उपदेशाची प्रवचने दिली नाहीत. त्यांनी घराची व्यवस्थाच अशी केली की, तीत राहता राहता मुले ते शिकत जावीत. या व्यवस्थेतील एक अगदी साधी वस्तू म्हणजे पत्रपेटी. दिवसभर मुले डॉक्टरांकडे धावत येत. अमक्याने मला चिडवले, तमक्याने माझी पेन्सिल घेतली, मला आज घरची आठवण येते, मला तुमच्याशी एकट्याशी बोलावयाचे आहे, अशा नाना गोष्टी असत. डॉक्टर त्यांना त्या गोष्टी चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकावयास सांगत. संध्याकाळी ते पेटी उघडून प्रत्येक चिठ्ठी लक्षपूर्वक वाचीत आणि तिची दखल घेत.

ही पेटी कामाचा ताण कमी करण्यासाठी होती, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. पण तिचा खरा उपयोग निराळा होता. चिठ्ठी लिहिण्यासाठी मुलाला क्षणभर थांबावे लागे. आपल्याला नेमके काय झाले आहे, आपण रागावलो आहोत की दुखावलो आहोत, हे त्याला स्वतःशी ठरवावे लागे. लिहिता लिहिता कित्येकदा राग निवे आणि चिठ्ठी पेटीत न पडता खिशातच राही. जे दुःख दुपारपर्यंतही टिकत नाही ते लहान, आणि जे संध्याकाळीही तसेच राहते ते मोठे, एवढा विवेक त्या लाकडी पेटीने मुलांना शिकवला.

भिंतीवर एक फळा टांगलेला असे. त्यावर इतर सूचनांबरोबर आभारांच्या आणि क्षमायाचनेच्या याद्या लागत. ज्याला कोणाचे आभार मानावयाचे असत, किंवा ज्याच्या हातून कोणाचे मन दुखावले असे, तो आपले नाव तेथे लिही. समोरासमोर उभे राहून चूक कबूल करणे मोठ्यांनाही जड जाते. लहानांना तर जीभच उचलवत नाही. अशा लाजऱ्या मुलांना त्या फळ्याचा मोठा आधार होता.

रागीट मुलांसाठी डॉक्टरांनी एक गमतीची युक्ती काढली होती. ती म्हणजे पैज. ज्याला मारामारीची खोड सोडावयाची असेल त्याने आठवड्याच्या आरंभी त्यांच्याकडे यावे आणि या आठवड्यात आपण किती वेळा मारामारी करू, याची पैज लावावी. पैज गोळ्यांची असे. रोज भांडणारा एखादा मुलगा उत्साहाच्या भरात एकदाही न भांडण्याची पैज लावू पाही. डॉक्टर त्याला अडवीत. एकदम इतकी मोठी उडी नको, या आठवड्यात थोडी कमी, पुढच्यात आणखी कमी, असे ते सुचवीत. आठवड्याच्या शेवटी मुलगा येऊन आपला आकडा सांगे. डॉक्टर त्याची कोणाकडेही चौकशी करीत नसत. मुलाच्या शब्दावर ते पूर्ण विश्वास ठेवीत. राग येणे हा गुन्हा नाही, पण रागाला लगाम घालता येतो आणि तो हळूहळूच घालावा लागतो, ही गोष्ट मुले अशी खेळता खेळता शिकत.

नवे मूल घरात आले म्हणजे त्याला एका मोठ्या मुलाच्या हवाली करण्यात येई. हा मोठा मुलगा तीन महिने त्याचा पालक असे. नव्या मुलाला नियम समजावून देणे, त्याचे रडे थांबवणे, त्याच्याबद्दलची हकिगत वहीत लिहून डॉक्टरांना दाखवणे, ही त्याची कामे. कित्येकदा काल-परवापर्यंत जो स्वतः दांडगाई करीत असे, त्यालाच हे काम मिळे. दुसऱ्याचे अश्रू पुसताना आपण दुसऱ्याला किती वेळा रडवले, हे त्याला उमजे. प्रत्येक मुलाला तेथे स्वतःचा एक खणही मिळे. त्या खणात गुळगुळीत दगड, दोऱ्याची गुंडाळी, तुटलेले बटण, असा खजिना असे. मोठ्यांच्या दृष्टीने तो केर होता. पण त्या एकेका वस्तूला मुलाची एकेक आठवण चिकटलेली असते, म्हणून त्या खणाचा मान राखलाच पाहिजे, असा कोर्चाक यांचा आग्रह होता.

या घरातील सर्वांत नवलाची संस्था म्हणजे मुलांचे न्यायालय. कोणाचीही कोणावर तक्रार असली तर ती फळ्यावर लिहावयाची. ज्यांच्यावर त्या आठवड्यात एकही तक्रार नसेल, अशा मुलांतून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडले जात. न्यायालयासाठी कोर्चाक यांनी कलमांची संहिता तयार केली होती. जगातील इतर संहितांहून ती अगदी वेगळी होती. तीतील पहिली नव्याण्णव कलमे दोषमुक्तीची आणि क्षमेचीच होती. अजाणता चूक केली म्हणून क्षमा, पुन्हा तसे करणार नाही म्हणून क्षमा, पश्चात्ताप झाला म्हणून क्षमा. त्यापुढील कलमे शंभराशंभराने चढत जात आणि हजाराव्या कलमाने मुलाला घर सोडावे लागे. पण ती पाळी क्वचितच येई. या न्यायालयात कोणाला छडी मिळत नसे. तेथे दोघांचेही म्हणणे शांतपणे ऐकले जाई. रागाच्या भरात स्वतःपुरतेच पाहणाऱ्या मुलाला तेथे दुसऱ्याचे मन दिसे.

न्यायालयापुढे मोठ्या माणसांनाही खेचता येत असे. अर्ध्या वर्षात खुद्द कोर्चाक पाच वेळा न्यायालयापुढे उभे राहिले. एकदा त्यांनी एका मुलाचा कान ओढला होता. एकदा एका मुलीवर चोरीचा आळ घेतला होता. त्यांनी हे खटले टाळले नाहीत. उलट, याच खटल्यांनी आपल्याला नियमाने बांधलेला आणि न्यायाने वागणारा शिक्षक बनवले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. आरंभी हे न्यायालय नीट चालेना, म्हणून काही काळ ते बंदही ठेवावे लागले. पण त्यांनी धीर सोडला नाही. दोष सुधारून ते पुन्हा सुरू केले.

या अनुभवांतूनच कोर्चाक यांची पुस्तके जन्माला आली. मुलांवर प्रेम कसे करावे, हे सांगणारा त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ पहिल्या महायुद्धात, जखमी सैनिकांची शुश्रूषा करता करता लिहिला गेला. १९२३ मध्ये त्यांनी मुलांसाठी राजा मातिउश पहिला ही गोष्ट लिहिली. वडिलांच्या मृत्यूनंतर लहानपणीच गादीवर बसलेल्या, चांगले राज्य करू पाहणाऱ्या आणि त्यात चुका करणाऱ्या बालराजाची ही कथा आहे. १९२६ मध्ये त्यांनी मुलांनी लिहिलेले आणि मुलांनीच चालवलेले एक साप्ताहिक सुरू केले. पुढे नभोवाणीवरून म्हातारे डॉक्टर या नावाने ते मुलांशी बोलू लागले. त्यांचा तो संथ, जिव्हाळ्याचा आवाज ऐकण्यासाठी लहानांबरोबर मोठेही कान देऊन बसत.

असे सुमारे सत्तावीस वर्षे चालले. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीच्या सैन्याने पोलंडवर आक्रमण केले आणि दुसऱ्या महायुद्धाला तोंड लागले. जर्मनीवर त्या वेळी हिटलरच्या नाझी पक्षाचे राज्य होते. ज्यू लोकांना या जगात जगण्याचा अधिकारच नाही, असे मानणारे ते राज्य होते. १९४० मध्ये वॉर्सातील सर्व ज्यूंना शहराच्या एका भागात कोंडून भोवती उंच भिंत बांधण्यात आली. अनाथ मुलांचे घरही त्या भिंतीच्या आत हलवावे लागले. मुलांसाठी आणलेली बटाट्यांची गाडी पहारेकऱ्यांनी जप्त केली. कोर्चाक ती परत मागावयास गेले, तर त्यांनाच तुरुंगात टाकण्यात आले. सुटून आल्यावर ते पुन्हा कामाला लागले. भिंतीच्या आत भूक आणि रोगराई यांनी थैमान मांडले होते. मुलांची संख्या वाढत वाढत सुमारे दोनशेवर गेली. साठी ओलांडलेले, आजारी कोर्चाक रोज झोळी घेऊन बाहेर पडत आणि मुलांसाठी धान्य मागून आणीत. तरीही घरातील पत्रपेटी, फळा आणि न्यायालय त्यांनी बंद पडू दिले नाही.

रस्त्यात मृत्यू रोज दिसत होता. त्याची भीती मुलांपासून लपवणे शक्य नव्हते. मग त्या भीतीला तोंड कसे द्यावयाचे? कोर्चाक यांनी यासाठी एका भारतीय कवीचे साह्य घेतले. रवींद्रनाथ ठाकूर यांचे डाकघर हे नाटक मुलांकडून बसवून घेण्यात आले. या नाटकातील अमल हा मुलगा आजारी आहे. वैद्याने त्याला घराबाहेर पडण्याची बंदी केली आहे. तो खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा मारतो, दूरच्या डोंगरांची स्वप्ने पाहतो आणि राजाकडून आपल्याला पत्र येईल, याची वाट पाहतो. शेवटी राजवैद्य येतात, बंद दारेखिडक्या उघडावयास सांगतात, आणि अमल शांतपणे झोपी जातो. भिंतीआड कोंडलेल्या त्या मुलांना अमलचे मन समजावून सांगण्याची गरजच नव्हती. १८ जुलै १९४२ रोजी हे नाटक झाले. पाहुण्यांनी हेच नाटक का निवडले असे विचारले, तेव्हा मुलांना मृत्यूला शांत मनाने सामोरे जाता यावे म्हणून, अशा आशयाचे उत्तर कोर्चाक यांनी दिल्याचे सांगतात.

नाटकानंतर चारच दिवसांनी, २२ जुलै रोजी, भिंतीआडच्या ज्यूंना आगगाडीत कोंबून त्रेब्लिंका येथे नेण्यास प्रारंभ झाला. त्रेब्लिंका ही छावणी माणसे ठार मारण्यासाठीच उभारलेली होती. कोर्चाक यांना वाचवण्यासाठी त्यांचे मित्र धडपडत होते. खोटी कागदपत्रे देऊन त्यांना भिंतीबाहेर काढण्याची तयारी होती. पण त्यांनी एकट्याने सुटण्यास साफ नकार दिला. संकटात मुलांना सोडून पळणे त्यांच्या कल्पनेतही येणे शक्य नव्हते.

त्या दिवसांत रात्री मुले झोपल्यावर ते रोजनिशी लिहीत. ४ ऑगस्टच्या शेवटच्या पानावर त्यांनी एक साधी गोष्ट लिहिली आहे. ते खिडकीतील फुलझाडांना पाणी घालीत होते. भिंतीजवळ बंदूक घेतलेला जर्मन पहारेकरी त्यांच्याकडे पाहत उभा होता. त्याने गोळी घातली असती तर त्याला कोणी जाब विचारला नसता. पण कोर्चाक यांच्या मनात निराळाच विचार आला. युद्धापूर्वी हा माणूस कोण असेल? एखाद्या खेड्यातील शिक्षक तर नसेल? जन्मभर दुसऱ्याच्या मनात डोकावण्याची सवय झालेल्या त्या पुरुषाला शत्रूच्या ठिकाणीही माणूसच दिसला.

त्यानंतर लगेच, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, सैनिकांनी अनाथ मुलांच्या घराला वेढा घातला. मुलांना रस्त्यावर ओळीने उभे करण्यात आले. त्या शेवटच्या वाटचालीच्या हकिगती निरनिराळ्या साक्षीदारांनी निरनिराळ्या सांगितल्या आहेत. परंतु मुले आरडाओरडा न करता रांगेने चालली होती आणि त्यांचे डॉक्टर त्यांच्याबरोबर होते, याबद्दल दुमत नाही. स्टेफानियाबाई आणि इतर सहकारीही मुलांना सोडून गेले नाहीत. ती आगगाडी त्रेब्लिंकाला गेली. त्यांतील कोणीही परत आले नाही.

त्याच युद्धात घरादाराला मुकलेल्या दुसऱ्या काही पोलिश मुलांना आपल्या देशाने आश्रय दिला. १९४२ मध्ये नवानगरच्या जामसाहेबांनी त्यांच्यासाठी बालाचडी येथे छावणी उघडली. १९४३ पासून कोल्हापूरजवळील वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलेच होती. डाकघर नाटकाच्या जन्मभूमीने पोलंडच्या या मुलांसाठी आपली दारे उघडली, हे वाचून आपल्यालाही थोडे समाधान वाटते.

कोर्चाक यांची रोजनिशी मित्रांनी लपवून ठेवल्यामुळे वाचली. बालकांनाही मान मिळण्याचा हक्क आहे, हा त्यांचा विचारही वाचला. १९७८ मध्ये पोलंडने बालकांच्या हक्कांचा करार संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला आणि २० नोव्हेंबर १९८९ रोजी तो संमत झाला. त्रेब्लिंका येथे आज हजारो ओबडधोबड शिळा उभ्या आहेत. त्यांपैकी काही शिळांवर उद्ध्वस्त झालेल्या ज्यू वस्त्यांच्या गावांची नावे आहेत. व्यक्तीचे नाव असलेली शिळा एकच आहे. तिच्यावर यानुश कोर्चाक यांचे नाव आहे, आणि त्या नावापुढे त्यांच्या मुलांचाही उल्लेख आहे. मृत्यूलाही ज्यांची ताटातूट करता आली नाही, त्यांना दगडानेही एकत्रच ठेवले आहे.

आपल्या वर्गात एखादा मुलगा विनाकारण भांडतो, एखादी मुलगी दिवसभर अबोल बसते. त्याला वाईट म्हणण्यापूर्वी, तिला घुमी म्हणण्यापूर्वी, क्षणभर थांबावे. आत काही तरी दुखत असेल, असा विचार करावा. आपल्याला राग आला, तर तो कशाचा आहे हे स्वतःला विचारावे आणि जमल्यास कागदावर लिहून पाहावे. एवढे ज्याला साधले, त्याने अंधाऱ्या खोलीतील त्या पडद्यावर फडफडणारे ते इवलेसे हृदय पाहिले, असेच म्हणावे लागेल.